काट्यावरचा हात

सोमवार, ३
नवी नोकरी. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची खोली, आणि तिथे माझं काम वजन करण्याचं. ताई म्हणाली, आयुष्यभर लोकांना फुकट जोखत आलीस, आता पगार घेऊन जोख. बहीण असावी तर अशी.

काम सोपं आहे. बाळाचं हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, तेव्हा ते गोठू नये म्हणून औषध देतात. टाके पडले की गोठावं म्हणून उलटं औषध. तरीही जे वाहतं ते गॉजच्या कापडी तुकड्यांत येतं. तुकडा काट्यावर ठेवायचा, कोरड्याचं वजन वजा करायचं, ग्रॅमची बेरीज फळ्यावर लिहायची. तीन किलोच्या बाळात रक्त असतं चहाचे जेमतेम दीड कप; म्हणून चमचाभरही सोडायचं नाही.

जुन्या सिस्टरांनी सगळं दाखवलं. काटा शून्य करण्याआधी डावा तळहात त्यावर टेकवायचा, दहा अंक मोजायचे, उचलायचा. कशासाठी, विचारलं. इथली पद्धत आहे, म्हणाल्या. पद्धतीशी भांडण्याचं माझं वय गेलं. ठेवला हात.

बुधवार, ५
तीन दिवसांत चार बाळं. चौघांचंही रक्त वेळेवर गोठलं. मोठे डॉक्टर म्हणाले, तुमच्या हाताला यश आहे. मी नुसती गॉज उचलते. पण मिळालेलं कौतुक परत करायची मला सवय नाही.

माझ्याआधी हे काम करणाऱ्या बाई आता चौकशीच्या खिडकीत बसतात. भेटून आले. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना कापूस चिकटवलेला. कागदसुद्धा हातमोजे घालून उचलतात. काही सांगायचंय का, विचारलं, तर म्हणाल्या, कात्री लांब ठेवत जा. मला वाटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला झालाय.

सोमवार, १०
दात घासताना हिरड्यांतून रक्त. ताईनं मऊ ब्रश आणून दिला आणि वर ऐकवलं, माझ्यावर दातओठ खाणं कमी कर. डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. आता त्याही येत नाहीत.

शुक्रवार, १४
दंडावर निळे डाग. कुठे आपटल्याचं आठवत नाही. बोटाला सुई टोचून पाहिली. कळलीच नाही. थेंब मात्र पाऊण तास थांबला नाही.

पुन्हा खिडकीत गेले. बाईंनी माझं बोट पाहिलं. दहाच्या पुढे कधी मोजू नका, म्हणाल्या. बाळांचं रक्त गोठायला जे लागतं, ते कुठून तरी यावं लागतं.

मी हसले. शिकलेली बाई आहे मी.

मंगळवार, १८
आज हात ठेवला नाही.

तेच औषध, तेच डॉक्टर. रक्त गोठेना. फळ्यावर २१०, २६०, ३४०. बाटलीतलं चढवत होते, ते आत जाऊन बाहेर येत होतं. पाचव्या तासाला डॉक्टर थांबा म्हणाले.

जुन्या सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. बाळाचा बाप, तुम्ही खूप केलंत म्हणून आभार मानून गेला. माझेसुद्धा.

घरी येऊन जेवले. दोनदा वाढून घेतलं. काही वाटलं नाही. काहीच—

शुक्रवार, २१
टेबलावर मुलगी. दोन किलो सहाशे. दहा मोजले.

उलटं औषध दिलं. वाहतच राहिलं. १४०. काटा परत शून्य करते, मी म्हणाले. हात ठेवला. दहा. तीस. साठ. मग उजवाही.

कोणी अडवलं नाही. जुन्या सिस्टर तर काटा धरून उभ्या होत्या.

रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, हाताला यश—

शुक्रवार, २१, दुपार, घरी
मुलीच्या छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी कोरडी आहे. निरोप आला.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र. पाकीट फाडताना कागदानं बोट कापलं. दुखलं नाही. ताई बाहेर गेलीय. स्वयंपाकघरातला काटा घेतला, सवयीनं. कोरडा रुमाल वजा.

४०.

९५.

फरशी पाहून ताई काय बोलेल ते—

१८०. फोन पलीकडच्या खोलीत. उठायला हवं. पाय आहेत की—

नळी कोरडी आहे. पुन्हा विचारून—

२९०. मुलीच्या अंगात होतं त्याहून हे—

पान ओलं झालंय, आकडा नीट उमटत नाही. पुढचा रुमाल