होडीचं उसनं

हल, ९ मार्च १९५४

प्रिय आई,

मी बरी आहे. मोजे मिळाले, पायांना अगदी नीट बसले. तुझा खोकला थांबला का?

एक गोष्ट मात्र तुला माझ्याकडूनच कळू दे. गेल्या आठवड्यात कोर्टात एमॉस टिंडल नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचा जबाब मी लिहून घेतला. शेजाऱ्याची होडी त्यांच्याकडे सापडली म्हणून पोलिसांनी चोरीचा आळ घेतला होता. ते म्हणाले, "माझ्याकडं त्याच्या होडीचं उसनं होतं."

आपल्या किनाऱ्यावर सगळे असंच बोलतात. पण आमचे हेडक्लार्क प्रिचर्डसाहेब माझ्या बोलण्याला रोज हसतात. "हिल्डा, उसनं 'असतं' होय? उसनं 'घेतात'!" त्यांनी पुन्हा हसू नये म्हणून तो शब्दच टाळून मी शहरी इंग्रजीत लिहिलं, 'मी शेजाऱ्याची होडी घेतली.' त्यात उसनं गळूनच गेलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून खाली सहीऐवजी फुली मारली.

त्या एका ओळीवरून ते चार दिवस कोठडीत होते. शेवटी मला राहवेना, मी मॅजिस्ट्रेटना खरं सांगितलं. शेजारी आजारी होता म्हणून त्याला कुणी विचारलंच नव्हतं; जाऊन विचारलं तर म्हणाला, "मीच दिली होती की!"

टिंडल सुटले. माझी नोकरी आहे, काळजी करू नकोस. जबाब मात्र आता दुसरी मुलगी लिहिते.

कोर्टाबाहेर मी टिंडलांची माफी मागितली. त्यांनी विचारलं, "कुठली गं तू, पोरी?"

"स्टेथ्सची."

आपल्या गावाचं नाव ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुला समजलं होतं."

हो आई, समजलं होतं.

बाबांना तूच सांग. माझ्यानं होत नाही.

तुझी,
हिल्डा