रिपोर्ट तर सगळे नॉर्मल

१९ ऑगस्ट २०२०
नासिरचा ऑक्सिजन पुन्हा उतरला. डॉक्टर म्हणाले, प्लाझ्मा लागेल — कोरोनातून बरा झालेला, बी पॉझिटिव्ह गटाचा माणूस बघा. आहे की घरचीच! आबेदा, त्याची सख्खी बहीण. जूनमध्येच बरी झाली. गट माझाही तोच, पण बरी होऊन अठ्ठावीस दिवस व्हायला तीन कमी. नियम म्हणजे नियम, आणि पुणं म्हणजे पुणं.

२० ऑगस्ट
आबेदा रक्तपेढीतून हात हलवत परत. "भाभी, नाही घेतला त्यांनी." का? "नाही घेतला, एवढंच." नजर फरशीवर.
ती हात धुवायला गेली तशी मी तिची पर्स उघडली. हो, उघडली. तपासणीचा कागद होता. अँटीबॉडी भरपूर. कावीळ, एचआयव्ही, मलेरिया — काही नाही. वजन साठ.
म्हणजे मुद्दामच. चौदा वर्षांपूर्वी अय्युबशी ठरत आलेलं तिचं लग्न नासिरने मोडलं. पुढे तिने केलंच नाही. त्याचं उट्टं आत्ता काढतेय, भाऊ आयसीयूत असताना! तोंडावर बोलले. ती पर्स उचलून निघून गेली.

२१ ऑगस्ट
आबेदाचे चार फोन. उचलले नाहीत.

२२ ऑगस्ट
माझे अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. रक्तपेढीत पहिला नंबर माझा. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "मुलं किती?" दोन. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग नाही चालणार. एकदा जरी दिवस गेलेले असले, पुढे मूल झालं नसलं तरी आम्ही घेत नाही. पेशंटच्या फुप्फुसांना अपाय होऊ शकतो."
म्हटलं, रक्त तपासा की.
"नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही हो. बाई सांगेल ते खरं धरायचं."
बाहेर बाकावर बसून राहिले. आबेदाचं तर लग्नच झालेलं नाही. नुसतं 'नाही' म्हणाली असती, तर कुणाला कळणार होतं? भावाला अपाय नको म्हणून परक्या बाईला खरं सांगून आली. आणि मी तिची पर्स उचकत होते. स्वतःची लाज वाटली.
तिला फोन केला. तिच्या ऑफिसातले संपत प्लाझ्मा द्यायला तयार आहेत. कालपासून तेच सांगायला बघत होती. मी बाकी काही विचारलं नाही.

२७ ऑगस्ट
नासिर आज बोलला. पहिलाच प्रश्न, "आबेदाने का नाही दिला?"
म्हटलं, हिमोग्लोबिन कमी निघालं तिचं.