व्हॉल्व्हवरचा हात

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

"आलो रे, सोड आता." पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळी बदलताना तुम्ही दारातूनच एवढं म्हणायचात, आणि मगच बाबा व्हॉल्व्हवरचा हात काढायचे. त्याआधी मी डबा घेऊन आले, तरी मला एका हातानेच जवळ घ्यायचे. आज ते वाक्य का आठवलं, कोण जाणे. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची कुरकुर चालू असेल तर त्यांची तब्येत उत्तम आहे, असं धरून चालते. (टाकी कोणाच्या पाळीत ओसंडली यावरून तुम्ही आणि बाबा इतकी वर्षं एकमेकांशी बोलत नाही. पण माझं तुमच्याशी काही भांडण नाही, म्हणून हे पत्र. काम काही नाही, सहजच.)

डोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांना फिट येऊ लागल्या, हे कानावर आलंच असेल. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. थोडे दिवस बरे गेले, तसं बाबांनी ठरवलं की आपण बरे झालो, आणि बरा माणूस गोळ्या कशाला खाईल? न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना फिट आली. (नशीब, वस्तरा बाजूला होता. न्हावी अजूनही बाबा दिसले की दार लोटून घेतो.) मग चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून त्यांनी एकदम जास्त घेतल्या. जीभ जड झाली, पाय भलतीकडे पडू लागले आणि त्यांना माझ्या जागी दोन मुली दिसू लागल्या. म्हणाले, "दोघींपैकी एकीने तरी चहा टाका."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून समजावलं, की औषध रक्तात कमी पडलं तर फिट, आणि जास्त झालं तर तेच विष. बाबा छताकडे बघत होते. तेव्हा मला अवदसा आठवली. म्हटलं, "बाबा, तुमची टाकीच समजा ना. शरीर सारखं पाणी उपसतंय, गोळी म्हणजे पंप. पातळी दोन खुणांच्या मध्ये राहायला हवी." बाबा ताठ बसले. "मग हे आधी सांगायचं!" डॉक्टरीणबाईंनी मला शाबासकी दिली. ती आता त्यांनी परत घ्यावी.

कारण त्या दिवसापासून बाबा पुन्हा कामावर रुजू झाले. दुपारी झोप काढली की, "आज खप कमी आहे, संध्याकाळचा पंप बंद." लांब फिरून आले की गोळ्या दोन. मी म्हटलं, किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. "त्या ऑफिसात बसतात. टाकीपाशी मी असतो." हेच ते तुमच्या साहेबांनाही ऐकवायचे.

गेल्या आठवड्यात ते जिन्यात कोसळले. हनुवटीला टाके पडले. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. डोळे उघडले तसं त्यांनी विचारलं, "ओसंडली का?"

"नाही बाबा. कोरडी पडली."

"कोणाच्या पाळीत?"

मी म्हटलं, माझ्या. "तुला अजून चार्ज कुठे दिलाय," ते म्हणाले.

पुढच्या वेळी टाक्यांवर भागेलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. गोळ्यांची डबी ते हातातून सोडत नाहीत. मी त्यातली एक काढून हातावर ठेवली, तरी ते ती खिशात ठेवतात. बाकी सर्व ठीक. काकूंना नमस्कार.

तुमची चिमणी
(चाळिशी उलटलेली)

ता. क. पत्र कोणाला, असं बाबांनी विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, "त्याला लिही, मी काही विचारलं नाही म्हणून."

आणखी एक. काम नाही म्हटलं, ते खरं नव्हतं. बदली माणूस आल्याखेरीज बाबा व्हॉल्व्ह सोडत नाहीत, आणि त्यांचा बदली माणूस तुम्ही एकटेच. एकदा या. बसू नका, चहा घेऊ नका, बोलायचं नसेल तर त्यांच्याशी बोलूही नका. फक्त दारातून तेवढं वाक्य म्हणा, गोळ्यांची डबी त्यांच्या हातातून घ्या आणि जाताना माझ्याकडे द्या. तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी या.