तू न विचारलेला सामना

कारांगजाती,
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय कांग रोमली,

असलामु अलैकुम. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. आम्ही तिघंही ठीक आहोत. एन्दांगचा खोकला गेला. सेकारचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून ती शीळ घालायला शिकली आहे, त्यामुळे घरात दिवसभर रेफ्री फिरत असल्यासारखं वाटतं. इकडे तंबाखूची काढणी जोरात आहे. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, आणि भातालाही तंबाखूचाच वास येतो. तुमच्या मिठागरात ऊन कसं आहे? मी इथून रोज दुआ करतो की पाऊस लांबू दे. सासऱ्यांना वाटतं ती त्यांच्या पानांसाठी आहे.

हातानं लिहिलेलं पत्र पाहून तुला हसू येईल. शाळेत माझं अक्षर बघून थोरल्या भावाच्या थाटात तू म्हणायचास की खेकडा चालून गेलाय, ते अजून तसंच आहे. पण फोनवर तू सापडत नाहीस. घरच्या ग्रुपमधूनही तुझं नाव गेलेलं दिसलं. तुझा फोन बिघडला असेल, असं मी एन्दांगला सांगितलं आहे. हे पत्र बसचा कंडक्टर वाक दारिम तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, तसं त्याच्याकडून वदवून घेतलंय.

असो. आधी सामन्याचं लिहितो.

पाहुण्या संघाच्या लोकांना मैदानात बंदी झाल्यापासून इथल्या सामन्यात तुमचे डोळे मीच. सामना संपला की तुम्ही सगळे बी वार्सीच्या टपरीवर जमायचात, तू फोन मधोमध ठेवून कॉफीच्या अकरा ग्लासांचा संघ मांडायचास आणि मी सांगेन तसे ग्लास सरकवायचास. जिंकलो तरी आधी तासभर शिव्या, आणि उठताना नाइलाज झाल्यासारखं ‘बरं खेळले’. या वेळी मला कुणी विचारलं नाही. तरी सांगतो. मांड ग्लास.

एक-शून्य जिंकलो हे तुला ठाऊकच आहे, पण पहिल्या अर्ध्यात आपण खेळलोच नाही. बचावातले चौघं गोलासमोर मुळं धरल्यासारखे उभे. मधला तो नवा हुस्नी, त्याच्याकडे चेंडू आला की तो आधी आभाळाकडे बघतो, मग विचार करतो, आणि तोवर तंबाखूवाले चेंडू घेऊन पार पुढे. समसुरीनं मात्र तीन गोल अडवले, त्यातला एक पायाच्या बोटानं. त्याला म्हातारा म्हणणं तू आता बंद कर. दुसऱ्या अर्ध्यात डाव्या बाजूला आरिपला उतरवलं तेव्हा कुठे संघात जीव आला. पोरगं अंगानं किरकोळ आहे, पण पळताना मान खाली घालत नाही. अगदी शेवटी कॉर्नर मिळाला. सगळे उंच चेंडूची वाट बघत होते, आरिपनं जमिनीलगत मागे दिला आणि हुस्नीनं, हो, त्याच हुस्नीनं, आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता लाथ घातली. चेंडू आत.

माझ्या मते आपण नशिबानं जिंकलो, पण तसं जिंकायलाही मैदानात टिकून राहावं लागतं. उजव्या बाजूला भरवसा ठेवता येतो. डावीकडे आरिप पुढे गेला की मागे वाट मोकळी पडते, ती प्रशिक्षकाला कुणीतरी दाखवायला हवी. एरवी मी इथे थांबलो असतो आणि तू म्हणाला असतास, ‘जौहारी, तुला काही कळत नाही.’

पण मी कुठे बसलो होतो ते तुला माहीत आहे. सासरे, पाक सुगेंग, इथल्या प्रेक्षकांचा मोठा ढोल वाजवतात, आणि त्या ढोलाखालची जागा माझी. लग्न झाल्यापासूनची. घरजावयानं त्यांचं खायचं, त्यांच्या छपराखाली झोपायचं, म्हणजे सामन्याला घरी बसून चालत नाही. मी त्यांचा तपकिरी सदरा घालतो, ते उठले की उठतो, ते हळहळले की हळहळतो. सवय झाली होती मला. कुणाला संशय येत नाही याचा थोडा गर्वसुद्धा होता.

गोल झाल्यावर आपण काय करतो? अंगठा जिभेला लावतो. वाफ्यातलं पहिलं मीठ बाप जसं चाखून बघायचा, तसं. तेलुकसारीत तान्ह्या पोरालाही ते येतं. हुस्नीचा चेंडू जाळ्यात गेला, सगळं मैदान गप्प झालं, आणि माझा अंगठा जिभेवर होता. कांग, तो तिथे कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

मागे कोदिर बसला होता. तंबाखूच्या वखारीत हमाली करतो, माझ्याशी नेहमी हसून बोलतो.

“काय जावईबापू,” तो म्हणाला, “काय चाखताय?”

“काही नाही रे. बोटाला कापलंय.”

“बघू.”

मी हात मागे घेतला. तिथेच फसलो.

“ओळखपत्र काढ याचं,” कुणीतरी म्हणालं. खिशातून पाकीट त्यांनीच काढलं. पत्ता कारांगजातीचा, पण जन्मस्थळ तर बदलता येत नाही. कोदिरनं ते मोठ्यानं वाचलं. भोवतालची माणसं उभी राहिली. मैदानाची दारं बाहेरून कुलूपबंद होती. मागच्या वर्षी असाच एक जण सापडला होता, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. त्याच्या बायकोचं तोंड मी पाहिलंय, म्हणून ते इथे लिहीत नाही.

सासरे ढोल सोडून खाली आले. म्हणाले, “माझा जावई आहे. माझ्या पोरीचा नवरा. याला हात लावायचा असेल तर आधी मला लावा.”

“तुमचा आहे ना पाक? मग गाऊ दे आपलं गाणं. अख्खं.”

मला वाटलं होतं सासरे नाही म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर गेले आणि ढोलावर ठेका धरला.

आता तू ते पाहिलं आहेस, हे मला माहीत आहे. फोन समोरच धरले होते. तेलुकसारीत सगळ्यांनी पाहिलं असेल, बी वार्सीनंसुद्धा. फोन बिघडलाय वगैरे मी एन्दांगला सांगितलं, तुला काय सांगू? तो मीच आहे. कुणीतरी चेहरा चिकटवलाय, आवाज बदललाय असं काही नाही. मी पहिल्या कडव्याला ओठ हलवत होतो. सासरे वाकून म्हणाले, “मोठ्यानं गा, पोरा. हे लोक कान लावून आहेत.” मग मी मोठ्यानं गायलो. मीठवाल्यांच्या होड्यांचं कडवं गायलो, त्यांच्या फाटक्या चड्ड्यांचं गायलो, आणि मग ते शेवटचं.

मीठवाल्यांच्या आयांचं दूधसुद्धा खारट.

तेही मी गायलो, कांग. त्यांनी ती ओळ पुन्हा म्हणायला लावली, पुन्हाही म्हणालो. आपल्या आईचे, एमाकचे पाय मिठानं फुटायचे आणि रात्री ती त्यांना खोबरेल चोळत बसायची, ते त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते आठवलं नाही असं मी म्हटलं तर तुला बरं वाटेल कदाचित, पण ते खरं नाही. मला सगळं आठवत होतं आणि मी गात होतो, कारण मला मरायचं नव्हतं. सेकार घरी शीळ घालत बसली होती.

गाणं संपल्यावर त्यांनी मला मिठ्या मारल्या. कोदिरनं स्वतःची सिगारेट माझ्या तोंडात दिली. हे मारण्यापेक्षा वाईट होतं असं लिहिणार होतो, पण नाही, मार जास्त वाईट असतो. तुला खोटं कशाला सांगू?

बाहेर आल्यावर ते मला ओढतच कॉफीला घेऊन गेले. हरलेले लोक काय बोलतात ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. रेफ्री विकला गेला, गवत ओलं होतं, गोलरक्षकानं दुपारी फार खाल्लं होतं. मग एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, “तू आतला माणूस आहेस. सांग, मीठवाल्यांची भिंत कुठे कच्ची आहे?” परतीचा सामना दोन महिन्यांवर आलाय. सासरे माझ्याकडे पाहत होते, अगदी कौतुकानं. मी म्हणालो, उजवी बाजू. सगळ्यांनी माना डोलावल्या. डावीकडचं मी फक्त तुला लिहिलंय. हे पत्र चुकीच्या हातात पडलं तर माझं काय होईल, ते वेगळं सांगत नाही. वाचून चुलीत घाल.

तेव्हापासून माझे इथे फार लाड चाललेत. सासरे चारचौघांत मला जावई म्हणत नाहीत, मुलगा म्हणतात. पाठीवर माझं नाव शिवलेला नवा तपकिरी सदरा आणलाय. परतीच्या सामन्यात लहान ढोल मी वाजवायचा, असं ठरवून टाकलंय. मी नको म्हणालो तर त्यांचा चेहरा एवढासा होतो, आणि मग मला आठवतं की तो माणूस माझ्यासाठी वीस जणांसमोर उभा राहिला होता. दिवाळखोर माणसासारखी माझी गत झाली आहे, कुणाला काही म्हणायची सोयच उरली नाही.

एन्दांगनं पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “ती ओळही म्हणालास?” मी हो म्हणालो. ती उठून पानं उलटायला गेली. रात्री जेवताना म्हणाली, “माझ्या बापानं तुला वाचवलं. आता तो तुला जन्मभर वाचवतच राहील.” आपण तिघांनी तेलुकसारीत येऊन राहायचं, तुझ्या शेजारचे दोन वाफे घ्यायचे, हे आमचं ठरलं होतं. सासऱ्यांना ईदनंतर सांगणार होतो. तिनं सामानाची मोठी पिशवी परत माळ्यावर टाकली आहे. आता इथून निघू म्हणायला तोंड नाही, आणि तिथे यायला वाट नाही.

आता ज्यासाठी एवढा कागद खर्च केला ते लिहितो. पुढच्या गुरुवारी एमाक गेल्याचा हजारावा दिवस. तू बोकड सांगून ठेवला असशील, वहिनींनी चुलत्यांना निरोप धाडले असतील. वाक दारिमनं काल तुझा निरोप दिला. दोनच शब्द होते, ‘येऊ नकोस.’ मी त्याला विचारलं, म्हणताना तो कसा दिसत होता? दारिम म्हणाला, मिठाची पाटी उचलत होता, तोंड दिसलं नाही.

तेलुकसारीच्या बसथांब्यावर पोरं माझी वाट बघत बसतात असं ऐकलंय. म्हणून विचारतो, तू ते काळजीनं म्हणालास की रागानं? काळजीनं म्हणाला असशील तर मी येत नाही. तुला माझा जीव प्यारा आहे एवढं कळलं तर मी इथे तंबाखूच्या वासातही राहू शकेन. पण रागानं म्हणाला असशील, तर मी येणार. दिवसाढवळ्या बसमधून उतरणार, थांब्यावरून चालत घरी येणार. वाटेत त्या पोरांनी काय करायचं ते करू दे, उरलो तर दारात उभा राहीन आणि तू मला मार. हे दोन्ही आणि त्यातलं काहीच नाही, असं उत्तर मात्र देऊ नकोस. तुझं गप्प राहणं मला लहानपणापासून झेपत नाही.

आलो नाही तरी एक कर. दुआ मागताना तिच्या मुलांची नावं घेतात. तुझ्यामागून माझं घ्यायला सांग. लोक कुजबुजतील, कुणी उठूनही जाईल. तरी घ्यायला सांग. तिला दुसरा मुलगा होता, एवढंच त्यांनी ऐकायचं आहे.

वहिनींना सलाम. मुलांना माझं नाव सांगू नकोस असं वाटत असेल तर सांगू नकोस.

तुझा म्हणायचा हक्क आज मागत नाही.
एमाकचाच,
जौहारी