डाव्या कडेचे गिलेस्पीसाहेब

मंगफ, कुवेत, बुधवार, १९ नोव्हेंबर १९५८

फारूकचा घोटा मुरगळला! परवा हवल्लीवाल्यांशी मॅच आणि आम्ही दहाच. कॅप्टन मी – म्हणजे डोकेदुखी माझीच.

यूसुफ म्हणाला, "म्हाताऱ्याला घे की."

म्हातारा म्हणजे गिलेस्पीसाहेब. आमच्या तेलकंपनीच्या इंजिनीयरसाहेबांचे वडील, स्कॉटलंडहून हिवाळ्यापुरते मुलाकडे आलेत. वय सत्तर. रोज संध्याकाळी आम्हाला फुटबॉल शिकवतात. आम्ही हर्णैच्या पुळणीवर अनवाणी धावणारे – चेंडू पायाजवळ कसा खेळवायचा ते ह्यांनीच दाखवलं. पण इंजिनीयरसाहेबांनी बजावलंय, "त्यांची छाती बरी नाही. पळू देऊ नका." आणि बजावलंय ते मलाच!

गुरुवार, २०

विचारलं. विचारायला नको होतं.

आधी हसले. मग वाळूत बसून सगळं सांगत सुटले. कोळशाच्या खाणीतून एकविसाव्या वर्षी ग्लासगोच्या क्लबात. मैदानाची डावी कड त्यांची. पाच हंगाम – लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. पुढच्या वर्षी देशाकडून खेळवणार असं कानावर आलं होतं, तेवढ्यात पहिलं महायुद्ध. फ्रान्सात विषारी वायू छातीत गेला. परतले तर क्लबाने दारातूनच वाटेला लावलं. मग उरलेला जन्म जहाजांच्या कारखान्यात. "चेंडूला पुन्हा पाय लावला तो इथे, तुमच्यात."

उठताना हळूच म्हणाले, "मुलाला कळता कामा नये."

मी मान हलवली. का हलवली?

शुक्रवार, २१

जिंकलो. २–१. दुसरा गोल त्यांचा! दोघांना चकवून डाव्या कडेने असे आत घुसले – हवल्लीवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

गोल झाल्यावर खाली बसले. उठलेच नाहीत. इस्पितळात नेलंय.

मध्यंतरात त्यांचे ओठ निळे दिसले होते. मी पाहिलं. "बसा आता" म्हणायचं होतं. पण बरोबरी होती – म्हणालो नाही.

शनिवार, २२

गेले.

यूसुफ म्हणतो, "हयात तेवढीच होती रे." असेल. पण ओठ मी पाहिले होते ना! त्याने नव्हते पाहिले.

सोमवार, २४

काल दफन झालं. मी मागे उभा राहिलो. इंजिनीयरसाहेबांनी एकदा वळून पाहिलं, मी मान खाली घातली. नोकरी जाईल – जाऊ दे.

मंगळवार, २५

इंजिनीयरसाहेबांनी बोलावलं. मी दारातच म्हणालो, "साहेब, मीच खेळवलं त्यांना. ओठ निळे पडलेले दिसले, तरी खेळवलं."

त्यांनी मला आत घेऊन दार लावलं. मग म्हणाले, "मी तिथेच होतो, मुनव्वर. पहिल्यापासून. ट्रकच्या आड. मला थांबवता आलं असतं."

खिडकीकडे तोंड केलं.

"वडलांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं मी."