पोपट कोणत्या पानावर

३ जून, सकाळी
वाचनालयाच्या सेक्रेटरींनी माझी योजना मीटिंगच्या नोंदीत घेतली नाही, म्हणून ही वही. उद्या श्रेय लाटतील. लेखी असलेलं बरं. योजना अशी: आधी कादंबरी, मग तिच्यावरचा सिनेमा. पुस्तक न वाचणाऱ्याला प्रवेश नाही. दारातच परीक्षा. आयतोबांचा मला तिटकारा आहे. पहिली जोडी स्टेशनमास्तरची. ती कादंबरी मी कॉलेजात असतानाच वाचली. एका बैठकीत, मध्यंतरातसुद्धा उठले नाही.

१२ जून
उजळणी चालू. पान अकरा. छपाई भिकार. चष्मेवाल्याकडे जाऊन आले. प्रश्नपत्रिका स्मरणावरून काढली. प्रश्न पहिला: 'स्टेशनमास्तरच्या जीवनातील पोपटाचे स्थान स्पष्ट करा.' फुकट्यांची दातखीळ बसेल.
दुसरी प्रत धाकट्या जावेने नेली. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेणारी बाई!

२० जून
एकवीस परीक्षार्थी. शिंपी, कंडक्टर, कंपाउंडर, सगळ्यांना पोपट अचूक. माझा धाक. जावेचं उत्तर: 'पुस्तकात पोपट नाही.' शून्य. बाहेर काढली. तिने खिडकीतून सिनेमा पाहिला. पोपटाने शिटी वाजवून स्टेशनमास्तरला वाचवलं तेव्हा मोठ्यांदा हसली. उद्धट.

२१ जून
जाऊ पुस्तक घेऊन दारात. म्हणाली, ताई, पोपट कोणत्या पानावर तेवढं सांगा. म्हटलं, वरवर चाळणाऱ्याला सापडत नाही. म्हणाली, अहो, स्टेशनमास्तर चाळिसाव्या पानावर मरतो. पुढे स्टेशन त्याची बायकोच चालवते.
मला माहीत होतं. मी ते विचारलंच नव्हतं.

२४ जून
मीटिंग. शिंपी निर्लज्जपणे म्हणाला, बाई, आम्ही सिनेमा आधीच टीव्हीवर पाहिलेला, पुस्तक कोण वाचतंय! बाकीच्यांनी माना डोलावल्या. फितूर. मी आवृत्तीभेदाचा मुद्दा काढला. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे पोपट छापायचा राहिला? हशा. उपक्रम जावेकडे. प्रकृतीमुळे मी सोडणारच होते.

२६ जून, दुपारी
जावेकडे सोपवलं ते असं: हॉलची किल्ली. पडदा (दोरी आधीपासूनच तुटलेली). एकवीस उत्तरपत्रिका. कादंबरीची प्रत. अकराव्या पानात चष्मेवाल्याची चिठ्ठी निघाली. नाव माझं, पण तो चष्मेवाला कोणाच्याही चिठ्ठीवर काहीही खरडतो. जाऊ म्हणाली, ताई, खूण राहू दे, तुम्हाला पुढे लागेल.
सही घेतली. चिठ्ठीही तिच्याकडेच दिली.