तिसऱ्या पट्टीपाशी अप्पा

१२ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, कारण प्रत्यक्ष घालायला घरात मोकळी फरशी उरलेली नाही, का, ते पुढे कळेल). चार महिने पत्र नाही, त्याबद्दल माफी. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिणार होते, पण वेळ होता. तुला खरं कळवावं की बरं वाटेल असं कळवावं, हे ठरत नव्हतं. वहिनींची पाठ कशी आहे? औषधं घेतात ना?

अप्पा महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात आले नाहीत, तर तू चाकाची खुर्ची घेऊन येणार, असं फोनवर म्हणालास. अप्पांनी ते ऐकलं. चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवलेला माणूस दुपारी जेवला नाही. म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, अप्पांसकट आणि त्यांचं अडणं टिपायच्या वहीसकट.

त्यांनी छान समजावलं. आपण चालताना प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. मेंदूत आत खोलवर एक भाग असतो, तो ते काम आपल्याला न विचारता परस्पर उरकतो. पार्किन्सनमध्ये त्या भागाला लागणारं एक रसायन कमी पडतं आणि पाय जागीच चिकटतात. दारात तर हमखास, कारण चौकट दिसली की मेंदूची एकदम तारांबळ उडते. पण समोर जमिनीवर रेघ असली, तर ‘ही ओलांडायची’ हे मुद्दाम करायचं काम होतं आणि ते मेंदूच्या दुसऱ्या वाटेने होऊ शकतं. (म्हणूनच अप्पा सपाट जमिनीवर अडतात आणि जिना मात्र झपाझप चढतात. ते नाटक करतात असं मला कधीकाळी वाटलं होतं, हे इथे कबूल करते.) सगळं ऐकून अप्पा म्हणाले, “म्हणजे मुकादम झोपलाय. आता मालकाने स्वतः उभं राहून काम करून घ्यायचं.” बाई म्हणाल्या, इतकं सोपं त्यांना वर्गातही कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या, अकरा. अप्पांनी पहिली ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरीपाशी खांबासारखे उभे. दुसऱ्या दिवशीही तेच. पाच दिवसांत एकोणीस वेळा, दर वेळी तिसरीच. मी वहीत वेळ लिहिली, गोळी कधी घेतली ते लिहिलं, पंखा चालू होता की बंद तेही लिहिलं. खिडकीतल्या उजेडाचा संशय आला म्हणून पडदा लावला. कपाट सरकवलं (माझी कंबर, दोन दिवस). शेवटी चार पानी टिपण घेऊन पुन्हा बाईंकडे. त्यांनी अर्धं पान वाचलं आणि अप्पांनाच विचारलं, तिथे होतं काय?

“होतंय काय? वाकडी आहे ती,” अप्पा म्हणाले. “वाकड्या रेघेवरून मी पुढे जाऊ?”

मग पाच दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणे, पोरगी गुडघ्यांवर बसून एवढं चिकटवतेय, कशाला हिरमोड करायचा. दादा, एकोणीस नोंदी केल्या, पण त्यांना एकदाही विचारलं नाही. याला मी काळजी म्हणत होते. (बाई म्हणाल्या, मन दुसरीकडे अडलं की या आजारात पायही अडतात, तेव्हा दोष पट्टीचा आणि आजाराचा मिळून. किती कुणाचा, याचा हिशोब मी वाटेत मांडायला लागले, तर अप्पा म्हणाले, “लिही, विसावी नोंद म्हणून लिही.”)

मग अप्पा स्टुलावर बसले आणि दोरी धरून माझ्याकडून अकराही पट्ट्या पुन्हा लावून घेतल्या. कॉलेज शिकलीस आणि काटकोन येत नाही, हे तीनदा ऐकलं. बुधवारी ते पलंगावरून उठले, पट्टीपट्टीने स्वयंपाकघरात आले, संपली असं सांगून मी फळीवर लपवलेला बिस्किटांचा डबा उघडला आणि म्हणाले, “बिस्किटं संपलीत ना?” पकडले गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तुझी धाकटी

ता. क. बुधवारी दारात ते मिनिटभर थांबले होते. मी पाठीला बोट लावलं. ढकललं नाही, असं मला वाटतं.

ता. क. २. खरी विनंती ही. तुझा फोन आला की त्या दिवशी त्यांचं अडणं दुप्पट होतं (हेही मोजलंय). तेव्हा ये, पण समोर उभं राहून “चला, लवकर चला” म्हणू नकोस. खुर्ची आणलीसच तर गाडीत ठेव. कधीतरी ती लागेल, हे मला माहीत आहे. त्यांना सांगायचा धीर होत नाही.

ता. क. ३. अप्पांनी पत्र मागून घेतलं आणि वरचं सगळं वाचलं. निरोप दिलाय: खुर्ची खुशाल आण. तिच्यात तू बसायचं, ते मागून ढकलणार.

वहीत उद्यासाठी लिहिलंय: हे पत्र टाकायला अप्पांना बरोबर नेणे.